एकतीस नंबरचा कागद

बुकारामांगा
२ ऑक्टोबर २०२४

अरासेली ताई,

चेपेच्या बसमधून हे पाकीट आणि पेरूच्या वड्यांचा डबा पाठवते आहे. वड्या वेलेस गावच्या आहेत, पानात बांधलेल्या. मागच्या खेपेला मी चेपेला विचारलं, "घेतलं का तिनं?" तर म्हणाला, "घेतलं आणि दार लावलं." "काही बोलली?" "हो. 'अजून लिहितेच का ती,' एवढं बोलल्या." पाच वर्षांत तुझ्याकडून मला आलेलं हे सगळ्यात लांब वाक्य. मी चेपेकडून ते दोनदा म्हणवून घेतलं आणि त्याला कॉफी पाजली.

फोनवर तू मला बंदच करून टाकलं आहेस, तेव्हा कागदाशिवाय मला मार्ग नाही. तू वाचतेस की चूल पेटवतेस, ते तुझं तू जाण. सापातोकात थंडी असते म्हणतात.

बातमी अशी की यंदा कंपनीनं मला परीक्षक केलं आहे. हसू नकोस. आमच्याकडे दरवर्षी सहा शिकाऊ घेतात: सहा महिने वर्ग, सहा महिने कुणाच्या तरी शेजारी बसून काम, आणि मग जमलं तर नोकरी. मी त्याच दारानं आत आले, एक्केचाळिसाव्या वर्षी. आतापर्यंत अर्जावर नाव, वय, शाळा सगळं असायचं. यंदा युर्लेनं हट्ट धरला की काही विचारायचं नाही. युर्ले मांतिया म्हणजे माझी पहिली शिकवणारी, माझ्याहून अठरा वर्षांनी लहान, आता आमच्या सगळ्या तपासनीसांची मुख्य. ती म्हणाली, "हातच्या कांकणाला आरसा कशाला? काम समोर आहे, ते बघा." म्हणून उमेदवाराला संगणकावर बसच्या तिकिटांचा एक पडदा उघडून द्यायचा, तीन तास वापरू द्यायचा आणि त्यात आम्ही मुद्दाम पेरलेल्या चुका शोधून लिहून घ्यायच्या. कागदावर फक्त नंबर. चौपन्न कागद आले आहेत. तपासणारे तिघं: युर्ले, इंजिनिअर आर्दिला आणि मी, आठवी झालेली.

दारावरचा पहारेकरी मलाही "इंजिनिअर" म्हणतो, कारण या इमारतीत तो सगळ्यांनाच इंजिनिअर म्हणतो, पंखा दुरुस्त करायला येणाऱ्यालासुद्धा. पहिल्या वर्षी मी त्याला रोज सांगायची, "बाबा, मी बूट शिवणारी." आता नुसती मान हलवते. मी निघाले तेव्हा तू दारातून ओरडली होतीस, "जा, इंजिनिअर हो." बघ, तुझी शिवी लागली.

माझी सुरुवातीची फजिती आठवते का? तेव्हा लिहिली होती, पण ते पत्र तू फाडलं असशील, म्हणून परत सांगते. पहिले तीन आठवडे मला एकही चूक सापडली नाही. म्हणजे दिसायच्या, पण मी त्यांना वळसा घालायची. एक बटण दोनदा दाबलं की पडदा गोठायचा, तर मी ते हळूच एकदाच दाबायची आणि वहीत लिहायची, "व्यवस्थित." आपल्या गल्लीत चुकलेला टाका कुणाला दाखवतात का? मालकानं बघायच्या आत उसवायचा आणि गप्प बसायचं. ते हाडात मुरलेलं. शेवटी युर्लेनं खुर्ची ओढली आणि विचारलं, "नेल्सीबाई, तीन आठवडे आणि एकही चूक नाही?"

"सांभाळून वापरलं तर नाही," मी म्हटलं.

ती इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "अहो, लोक बसस्टँडवर एका हातात पोर आणि एका हातात कोंबडी घेऊन तिकीट काढतात. ते सांभाळून वापरणार आहेत? तुम्ही सांभाळू नका. आपटा. आणि जे तुटेल ते मोठ्या अक्षरात लिहा."

तेव्हापासून आपटते आहे. बरं चाललं आहे माझं, ताई. हे तुला लिहायला मी चार वर्षं घाबरत होते, पण खरंच बरं चाललं आहे.

नेल्सी

८ ऑक्टोबर

ताई,

हे पत्र लिहिते आहे, पण आज पाठवणार नाही. निकालाआधी यातलं काही कुणाला सांगायचं नाही असा नियम आहे. कपाटात ठेवेन आणि चौपन्नांतून निवडलेल्या बारा जणांची यादी लागली की मग चेपेकडे देईन.

माझ्या वाट्याला अठरा कागद आले. बहुतेक सगळे सारखेच: इथे रंग फिका, तिथे अक्षर तुटलं, अमुक बटण चालत नाही. मुलं हुशार आहेत, भराभर लिहितात. मग एकतीस नंबरचा कागद हातात आला.

त्यात प्रत्येक गोष्ट जोडीनं तपासलेली होती. जागा निवडली, मग तीच जागा सोडली. तिकीट काढलं, मग तेच तिकीट परत केलं. जायचा प्रवास पाहिला, लगेच यायचा पाहिला. उजवा आणि डावा. एकट्या बुटाला कधी पास करायचं नाही, जोड शेजारी ठेवल्याशिवाय बोलायचं नाही, हे मला पंधराव्या वर्षी कुणी शिकवलं? शिवाय एका चुकीपुढे लिहिलं होतं: "गाठ आतल्या बाजूला राहिली आहे. बाहेरून दिसणार नाही, चालताना टोचेल."

हे वाक्य मी आयुष्यात एकाच माणसाच्या तोंडून ऐकलं आहे. बुटाच्या आत हात घालून, अंगठा फिरवत, डोळे मिटून म्हणायची ती.

शितावरून भाताची परीक्षा करतात, इथे तर अख्खं पातेलं माझ्यासमोर होतं.

नियम असा आहे की कागद कुणाचा ते ओळखू आलं तर तपासायचा नाही. नाव सांगायचं नाही, नुसता परत द्यायचा. मी युर्लेकडे गेले आणि म्हटलं, "एकतीस माझ्याकडून काढून घे. मला हात ओळखू येतो." तिनं कागद आर्दिलाकडे सरकवला.

ताई, तुला मला काही सांगायचं आहे का?

नेल्सी

१५ ऑक्टोबर

ताई,

हेही कपाटातच राहणार.

आज आम्ही तिघं बसलो होतो. आर्दिला वाईट माणूस नाही. दोन विद्यापीठांचे शिक्के असलेला आहे, त्यामुळे त्याला बिनशिक्क्याचं काही दिसलं की खाज सुटते. टेबलाच्या खणात तो आपल्याकडच्या खायच्या मोठ्या मुंग्यांचा, एप्रिलमध्ये भाजून भरलेला डबा ठेवतो आणि विचार करायचा झाला की एक एक तोंडात टाकतो. एकतीस नंबरवर आला तेव्हा कुडुमकुडुम बराच वेळ चाललं.

"याला मी खाली ठेवतो आहे," तो म्हणाला. "एकच गोष्ट दोनदा लिहिली आहे. काढलं, परत केलं. निवडलं, सोडलं. थोडक्यात लिहिता येत नाही. आणि हे गाठबीठ काय आहे? परीक्षा आहे की विणकाम?"

मी बोलू शकत नव्हते. कागद परत दिला की त्याच्यावर तोंड उघडायचं नाही, तोही नियम. मी टेबलाखाली स्वतःचा अंगठा दाबून धरला होता. इतका की अजून लाल आहे.

युर्ले म्हणाली, "इंजिनिअर, परत करताना काय झालं ते वाचलंत?"

"वाचलं. चौदा नंबरची जागा परत केली आणि पंधरा नंबरची मोकळी झाली म्हणे. असं होतच नाही. आपण पेरलेल्या चुकांत ही नाही."

"करून बघा ना."

तो उठला, संगणकाशी गेला. चौदा नंबरचं तिकीट काढलं, परत केलं. मग पुन्हा केलं. शेजारच्याचं तिकीट रद्द होत होतं, ताई. आम्ही ते पेरलं नव्हतं. ते आमच्याच कामात होतं आणि किती महिने होतं देव जाणे. डिसेंबरात लोक सणाला गावी जायला निघाले असते आणि स्टँडवर एका जागेवरून दोघं भांडले असते.

आर्दिला परत येऊन बसला, मुंग्यांचा डबा बंद केला. "चौपन्न जणांत हे एकालाच दिसलं," तो म्हणाला, "आणि आपल्या तिघांनाही दिसलं नव्हतं. वर घ्या." त्याबद्दल त्याला मी शंभर मुंग्या माफ केल्या.

आता एक कबूल करते. मागच्या पत्रात मी लिहिलं की कागद ओळखला आणि परत दिला. मधले तीन दिवस गाळले. तीन दिवस तो माझ्या खणात होता आणि त्याच्यावर मी पेन्सिलीनं सगळ्यात वरचे गुण लिहून ठेवले होते. कुणाला कळलं नसतं. तू आली असतीस, माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली असतीस, आणि मी जन्मभर समजत राहिले असते की मी तुझं देणं फेडलं. मग चौथ्या दिवशी मला तुझा चेहरा दिसला, हे तुला कळल्यावरचा. खोडरबर घेतलं आणि पुसलं. तू माझ्या मेहेरबानीचं पाणीसुद्धा पिणार नाहीस हे मला माहीत आहे. जे होईल ते तुझ्या हातानं होऊ दे.

सरळच विचारते. तो कागद तुझा आहे ना?

नेल्सी

२४ ऑक्टोबर

ताई,

यादी लागली. एकतीस नंबर बारा जणांत आहे. आता पाच नोव्हेंबरला प्रत्यक्ष बोलावलं आहे. तेव्हा सगळ्यांसमोर बसवून काम करून घेतात आणि मग सहा निवडतात. तिथे मला दाराबाहेर ठेवलं आहे, म्हणून काय विचारणार ते मलाही ठाऊक नाही, आणि असतं तरी लिहिलं नसतं. कपाटातली दोन्ही पत्रं याच्यासोबत जोडते आहे.

मागची खोली रंगवून घेतली आहे. निळा नाही, तुला निळा आवडत नाही. पलंग घेतला. खिडकीखाली टेबल ठेवलं, उजेड डावीकडून येईल असं. रोज सापातोकाहून दोन तास जाऊन-येऊन होणार नाही तुझ्यानं. हे मी गृहीत धरते आहे, म्हणून रागावू नकोस. येताना नुसती पिशवी घेऊन ये.

पण तू येण्याआधी एक गोष्ट बोलून टाकायची आहे. तू आलीस आणि ती तशीच राहिली तर मला तुझ्याशेजारी बसवणार नाही.

पाच वर्षांपूर्वी नोव्हेंबरात, डिसेंबरचा माल अंगावर असताना, चाळीस डझन जोड कापून पडले असताना मी तुला सांगितलं की आजच पत्र आलं, सोमवारपासून बोलावलं आहे, मी काय करू. तू म्हणालीस, जा. आणि मग जे म्हणालीस ते सगळ्या गल्लीनं ऐकलं. लोक अजून मला सांगतात की तू चुकलीस, बहिणीच्या भल्यात आड आलीस. मी कधी कुणाला अडवलं नाही. ऐकून घेतलं, मान हलवली.

पत्र त्या दिवशी आलं नव्हतं. सप्टेंबरच्या अकरा तारखेला आलं होतं. मी दोन महिने गप्प होते. तू ऑर्डरी घेत होतीस, माझे हात जमेस धरून हिशेब करत होतीस, आणि मी मान खाली घालून शिवत होते. सप्टेंबरात सांगितलं असतं तर तू दुसरी कुणीतरी बसवली असतीस, ऑर्डरी कमी घेतल्या असत्या. गाळा सोडावा लागला नसता. चार मशिनी टेम्पोत घालून तुला त्या डोंगरावर जावं लागलं नसतं.

का नाही सांगितलं? तू नको म्हणशील म्हणून नव्हे. तू हो म्हणशील, मग मला जावंच लागेल, आणि मला तिथे काही जमणार नाही, अशी भीती होती. आठवी झालेली बाई. मला वाटत होतं ते चूक उमजून दुसरं पत्र पाठवतील. वाट बघत बसले. चुकलेला टाका लपवायची सवय, दुसरं काय. जित्याची खोड.

जाणं चूक नव्हतं. ते मी आजही म्हणेन, तुझ्या तोंडावर म्हणेन. न सांगणं चूक होतं.

पाच तारखेला सकाळी आठ वाजता. जिना चढायला उंच आहे, सावकाश ये.

नेल्सी

६ नोव्हेंबर

ताई,

काल मी सात वाजल्यापासून जिन्याच्या वर उभी होते. पहारेकऱ्यानं विचारलं, "इंजिनिअर, कुणी खास येतंय?" मी म्हटलं, "माझी बहीण." तो बिचारा खाली जाऊन दार धरून उभा राहिला.

बारा जण वर आले. तू नव्हतीस.

एकतीस नंबरचा बिल्ला ज्या बाईच्या छातीवर होता ती चौतीस-पस्तिशीची, ठेंगणी, केस घट्ट बांधलेली. माझ्याकडे बघून जरा हसली आणि आत गेली. मला आत जायला मनाई आणि तिच्याशी बोलायलाही. काचेतून पाहिलं तर बसल्या बसल्या तिनं आधी उजव्या हाताच्या अंगठ्यानं टेबलाची खालची कड चाचपली, खिळाबिळा आहे का ते. मग काम सुरू केलं.

संध्याकाळी नावं उघडली. एदिल्मा सार्मिएन्तो, राहणार सापातोका, धंदा बूट शिवणे. सहांत निवडली. आर्दिलानं स्वतः तिचं नाव वर घातलं, म्हणाला, "ही आली नाही तर मी नोकरी सोडतो." त्याची बढाई आहे, पण निवड खरी आहे. अठरा तारखेपासून रुजू.

रात्री मी त्या रंगवलेल्या खोलीत बसून रडले, आता लपवून काय करू. आधी तू आली नाहीस म्हणून रडले. मग डोकं चालायला लागलं. सापातोकात बूट शिवणाऱ्यांचं एकच दुकान आहे ना? तुझं? ती तुझ्याकडची आहे? तू शिकवलेली?

म्हणजे नोव्हेंबरात, डिसेंबरचा माल अंगावर असताना, तुझी चांगली शिवणारी उठून गेली, आणि तीही इथेच. दुसऱ्यांदा. आणि या खेपेला मी परीक्षकांत. तिनं तुला सांगितलं आहे का? की ती पण माझ्यासारखीच रविवारी रात्री सांगणार आहे?

मी आर्दिलाला म्हटलं, हिला जानेवारीत बोलावता येईल का. तो म्हणाला, वर्ग अठराला सुरू होतात, मागे राहिली तर जागा जाईल. ती जागा तिनं स्वतःच्या हातानं मिळवली आहे. मी ती कशी काढून घेऊ? पण तुझा हात मोडून दुसऱ्यांदा इथे आणू कशी, हेही कळत नाही.

तू आता हेच म्हणशील की हिनं खोली माझ्यासाठी रंगवली आणि माझं माणूस पळवलं. चेपेबरोबर या खेपेला वड्या पाठवत नाही, तू तोंडावर फेकशील आणि त्याला उगीच लागेल.

नेल्सी

१९ नोव्हेंबर

ताई,

एदिल्मा काल रुजू झाली. दुपारी जेवायला मी तिला बाजूला घेतलं. मक्याच्या अरेपाचा पहिला घास तिच्या तोंडात असतानाच विचारलं, "तू अरासेलीला सांगून आलीस की न सांगता?"

तिनं घास गिळला. म्हणाली, "त्यांनीच पाठवलं."

मग तिनं जे सांगितलं ते तुला माहीतच आहे, पण मी परत लिहिणार आहे, कारण मला ते लिहायला आवडतं आहे.

म्हणाली, "तुमची पत्रं आम्ही मशिनीवर ऐकायचो. सगळी. अरासेलीबाई मोठ्यानं वाचायच्या, अध्येमध्ये शिव्या द्यायच्या आणि पुढे वाचायच्या. ते 'सांभाळून वापरलं तर नाही' आलं तेव्हा म्हणाल्या, 'मूर्ख आहे, पण बघा, कबूल करते.' मग दुकानात नियमच केला, चुकलेला टाका लपवायचा नाही, मोठ्यानं सांगायचा. चार वर्षं मी तुमची पत्रं ऐकत शिवत होते. मला तुमचं ऑफिस पाठ आहे. मुंग्यांचा डबा कुठल्या खणात असतो तेही माहीत आहे."

म्हणजे मी चार वर्षं शाळा चालवत होते आणि मला पत्ता नाही. आणि तू, पत्रं फाडणारी.

म्हणाली, "सप्टेंबरात मी त्यांना घाबरत घाबरत म्हटलं, परीक्षा देऊ का? तिकडे शिक्षण विचारत नाहीत म्हणे. मला वाटलं आता चप्पल येणार. त्या म्हणाल्या, 'सप्टेंबरात सांगते आहेस ना? मग दे. मी ऑर्डरी बेतानं घेते. माझी बहीण तिथे आहे, तिला तू कोण ते सांगू नकोस. तिनं ओढून आत घेतलं असं कुणी म्हणायला नको.'"

कपाटातल्या पत्रांचा गठ्ठा आला त्या दिवशी तू एवढी हसलीस म्हणे की मशीन थांबवावी लागली. "त्रेपन्नाव्या वर्षी मी तिथे जाऊन बटणं दाबू? ही वेडी मला ओळखते की नाही?" वर म्हणालीस, "आणि पलंगसुद्धा घेतला." एदिल्मानं तुझी नक्कल करून दाखवली. हुबेहूब करते. मला रडू आलं आणि तिनं घाबरून माझ्यापुढे गुळाचं पाणी सरकवलं.

मग त्याच पत्रातलं पुढचं, सप्टेंबरवालं. ते तू मोठ्यानं वाचलं नाहीस. आत गेलीस, बऱ्याच वेळानं बाहेर आलीस, आणि हातातलं काम उचलता उचलता एदिल्माला म्हणालीस, "मला तेव्हाच माहीत होतं. तिच्या मशिनीच्या खोक्यात दोरा शोधताना पाकीट सापडलं होतं. दोन महिने रोज सकाळी वाटायचं, आज सांगेल."

ताई, मी हे ऐकून जेवण तसंच ठेवलं. पाच वर्षं मला वाटत होतं की मी गेले म्हणून तू रागावलीस. तू दोन महिने माझ्या शेजारी बसून शिवत होतीस, सगळं ठाऊक असून, आणि मी रोज सकाळी तुला "झोप झाली का" विचारत होते. मला क्षमा कर. इतकंच सरळ लिहिते, याला सजवत नाही.

खोलीत एदिल्मा राहते आहे. "रंगवलेली आहे, वाया घालवू नकोस," असं तूच सांगून पाठवलंस म्हणे. पहिल्या दिवशीच तिनं आर्दिलाला विचारलं की तिकीट परत घेण्याचा पडदा आणि काढण्याचा पडदा वेगवेगळ्या माणसांकडे का, जोड दोन माणसांकडे कसा देता. तो तीन मुंग्या खाऊन म्हणाला, "बरोबर आहे." पहारेकरी तिलाही इंजिनिअर म्हणाला. तिनं मागे वळून पाहिलं, कुणाला म्हणतो आहे ते.

ती म्हणते, तू ऑर्डरी बेतानं घेतल्या खऱ्या, पण तरी तिची मशीन रिकामी आहे आणि तू पहाटे उठून दोघींचं काम एकटी ओढते आहेस. पाठ दुखते, सांगत नाहीस. आपण दोघी एकाच आईच्या.

माझी पंधरा दिवसांची रजा शिल्लक आहे. काल युर्लेकडे गेले, तिनं सही केली. माझा हात पाच वर्षांत मंदावला असेल, पहिले दोन दिवस तू उसवायला लावशील, लाव. एदिल्माच्या मशिनीवर मला बसव. पंधरा डिसेंबरला मी परत येईन, कारण सोळाला इथे काम आहे आणि ते मला सोडायचं नाही.

शनिवारी, तीस तारखेला, चेपेच्या पहिल्या बसनं मी येते आहे. आज एकोणीस. अकरा दिवस आधी सांगते आहे.

नेल्सी